कॅसेटवरचा मिशीवाला

माझ्या मामाच्या आवाजाला तीस वर्षं दुसऱ्याच माणसाचं तोंड होतं. गंमत म्हणून सांगत नाही. आमच्याकडं धनगरी ओव्यांची एक कॅसेट आहे आणि तिच्या कव्हरवर लाल फेटा बांधलेला, चिकटवलेल्या मिशांचा एक गोरापान माणूस हात वर करून उभा आहे. त्याच्या मागं हिरवागार डोंगर, डोंगरातून पडणारा धबधबा, धबधब्याखाली दोन हरणं आणि वर एक मोर. जत तालुक्यातल्या मामाच्या गावात उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं येतं. धबधबा सोडा, नळाची धार जरा जाड पडली तरी बायका एकमेकींना हाका मारून सांगतात. आणि तो मिशीवाला कोण, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

आवाज मात्र मामाचा. तेव्हा तो चाळिशीत होता आणि आसपासच्या गावांत ओव्या म्हणायला त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. सांगलीतल्या एका कॅसेटवाल्यानं त्याला आणि त्याच्या चार साथीदारांना बोलावून घेतलं. भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत दिवसभर गाऊन घेतलं, एका कागदावर निळ्या शाईत मामाचा अंगठा घेतला आणि सांगितलं, फोटो नंतर काढू. मामा फोटोसाठी म्हणून नवं धोतर नेसून, नवा फेटा बांधून गेला होता. तसाच परत आला. दोन महिन्यांनी कॅसेट आली ती या मिशीवाल्याला घेऊन.

कॅसेट चालली मात्र जोरात. वऱ्हाडाच्या गाडीत, पिठाच्या गिरणीत, जत्रेतल्या रसाच्या गाड्यावर. लोक ऐकायचे, कव्हर हातात घेऊन बघायचे आणि म्हणायचे, 'काय गडी हाय! काय मिशा, काय आवाज!' मामा शेजारीच उभा असायचा. एकदा न राहवून तो म्हणाला, 'आवं, त्यो मी हाय.' रसवाल्यानं कव्हर बघितलं, मामाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, 'व्हय, आन् मी मुख्यमंत्री.' सगळा गाडा हसला. कुणीतरी सल्ला दिला, तसल्या मिशा राख म्हणजे लोकांना पटंल. मामानं खरंच तीन महिने राखल्या. पण माझ्या आजोळच्या पुरुषांना मिशा म्हणून जे येतं ते बोटांवर मोजता येतं. मामी अजून ते आठवलं की पदर तोंडाला लावते. मामाही हसतो. हसून झालं की दर वेळी एकच वाक्य म्हणतो, 'मरायच्या आदी एकदा त्या आवाजावर माझं तोंड बगायचंय मला.' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय, म्हणून ते माझ्या अंगाला लागायचंच बंद झालं होतं.

मी सांगलीत फ्लेक्स करते. चित्रकलेचं शिक्षण रीतसर घेतलंय, पण पोट भरतं ते वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. मधे एक गॉगलवाले भाऊ, खाली चाळीस शुभेच्छुक, प्रत्येकाचं तोंड गोलात बसवायचं, एक जरी राहिलं तरी दुकानात भांडण. माझ्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात. चाळीस गोल करून बघा मग बोला. या धंद्यात एकच नियम कुणी शिकवावा लागत नाही, जिवंत माणूस रंगीत आणि गेलेला काळा-पांढरा. गिऱ्हाईक फोटो देऊन नुसतं 'भावपूर्ण' म्हणालं की मी रंग काढून टाकते. हा नियम तुम्ही लक्षात ठेवा, कारण मी नेमकी तोच विसरले.

गेल्या वर्षी साताऱ्याहून एका बाईंचा फोन आला. शाळेत संगीत शिकवायच्या, आता निवृत्त. त्या आणि त्यांच्या चार मैत्रिणी मिळून जुन्या कॅसेटी शोधतात, त्यांतला आवाज स्वच्छ करून घेतात आणि नव्यानं मोठ्या तबकडीवर काढतात, नेटवरही टाकतात. त्यांना कुठल्याशा रद्दीत मामाची कॅसेट सापडली होती. आतल्या कागदाची घडी उलगडल्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत गायकाचं नाव आणि गाव दिसलं. ग्रामपंचायतीला फोन, ग्रामपंचायतीकडून माझा नंबर. आम्ही तीस वर्षं ती घडी उलगडली नव्हती. मामाला वाचता येत नाही, आणि आम्हाला वाचता येतं त्यांनी बघितलं नाही. मी कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून साताऱ्याची एसटी पकडली. इस्लामपूरच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरांमागं गाडी रांगत होती आणि मी सीटवर बसून उगाच हसत होते. मॅडमनी दारातच हातावर कंदी पेढा ठेवला आणि मग भिंतीवर मांडलेली कव्हरं दाखवली. काळ्या शाईत, हातानं काढलेली. एक म्हातारी जात्यावर, एक सनईवाला, एक नुसतीच बैलगाडी. रंगाचा ठिपका नाही. मी बघतच राहिले. रोज निळ्या आभाळावर पिवळी अक्षरं आणि त्यांना लाल किनार करून करून माझे डोळे विटले होते. इथं नुसत्या रेघा आणि मोकळा कागद, आणि तरी त्या म्हातारीच्या दंडाची शीर दिसत होती.

'तुमच्या मामांचंही असंच हवंय मला,' मॅडम म्हणाल्या. 'तुम्हीच काढा. अट एकच, काळा रंग सोडून दुसरा रंग नाही. आमची सगळी मालिका तशी आहे.'

'आणि चित्रात मामाचं तोंड असणार?'

'अहो, मग कुणाचं असणार?'

मी तिथंच रडले. पेढा तोंडात, आणि डोळ्यांत पाणी, अगदी ध्यान दिसत असणार. मॅडमनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

मामाला फोनवर सांगितलं तर पलीकडं फोन खाली ठेवल्याचा आवाज. मग मामीचा आवाज आला, 'अगं काय सांगितलंस यांना? उठून धोतर हुडकायला लागलेत!' मामी सीमेपलीकडच्या गावातली, कानडी मुलखातली. ती मराठी बोलते, पण घाबरली किंवा चिडली की कानडी बोलते.

पुढच्या रविवारी मी वही, टाक, शाईची बाटली घेऊन गावी गेले. मामा दाराशी फेटा बांधून तयार. पण मला लगेच काढू देईल तर तो मामा कसला! त्याची एक रीत आहे. घरात कुठलीही नवी वस्तू आली की आधी तिला भंडारा लागतो. देवाची पितळी वाटी घ्यायची, अंगठा हळदीत बुडवायचा आणि टेकवायचा. मोटारसायकल, पिठाची गिरणी, सुनेचा मोबाइल, कुणी सुटलं नाही. माझ्या शाईच्या बाटलीला लागला, वहीला लागला, मला लागला, आणि मग म्हणाला, 'हं, काड आता.'

पण गप्प बसवेल तर शपथ. दर दोन मिनिटांनी उठायचा. 'ती काळी कुटं निगाली बग', 'त्या कोकराला सोडलं कुनी?' मी ओरडायचे, 'मामा, मान!' तो मान सरळ करायचा आणि डोळे मेंढरांकडं. मग मीच शहाणपणा केला, खांद्यावर घोंगडं, बगलेत ढोल असा मामा काढला आणि मागं मेंढरं घरी बसून मनानंच भरली. पुढच्या खेपेला कच्चं चित्र दाखवायला नेलं. मामानं आपल्या तोंडाकडं बघितलंच नाही. मेंढरांवर बोट ठेवलं.

'ही कापसाची बोचकी कुटल्या मुलकातली?'

'मेंढरं आहेत मामा.'

'कुनाची?'

'तुमचीच की.'

'माजी?' मामा हसायला लागला, मामीला हाक मारली, शेजारणीला हाक मारली. सगळ्यांनी माझी मेंढरं बघितली आणि अंगणात खसखस पिकली. खरंच, लहान मुलांच्या पुस्तकात असतात तशी गुबगुबीत, कुरळी, बसक्या नाकाची गोंडस मेंढरं काढली होती मी. मामानं मला हाताला धरून वाड्यात नेलं, म्हणजे मेंढरांच्या वाड्यात, काट्यांच्या कुंपणात. एकेकीचं तोंड धरून दाखवलं. नाक असं फुगीर, कान असे खाली लोंबते, लोकर अशी राठ. 'ही बग, हिचं कपाळ पांडरं. ही तिची लेक, एकच कान पांडरा. ह्यो मेंढा कवा बी रागातच.' शंभरावर मेंढरं आणि त्याला प्रत्येकीचं तोंड पाठ. ज्याला एवढी तोंडं ओळखू येतात, त्याचं एक तोंड कुणी ओळखलं नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा मला खुपलं. मी खाली बसले आणि सबंध दुपार नुसती मेंढरं काढली.

पंधरा दिवसांत चित्र पुरं झालं. सांगते, माझ्या हातून इतकं चांगलं काही झालं नव्हतं. मामाच्या तोंडावरची सुरकुती न् सुरकुती, उघडं तोंड, ओवीची लांब हाक देताना होतं तसं. मागं त्याची खरी मेंढरं, फुगीर नाकाची. सगळं काळं-पांढरं. मॅडमना फोटो पाठवला तर त्यांनी फोन करून पाच मिनिटं नुसतं कौतुक केलं. मी हवेत. मामाला मोबाइलवर दाखवायचं नाही, थाटात द्यायचं, म्हणून मोठा छाप काढला, काचेची फ्रेम केली आणि ती छातीशी धरून, चित्र लोकांना दिसेल असं बाहेर करून, जतच्या स्टँडवर गावाच्या एसटीत चढले.

कंडक्टर फ्रेमकडं बघून हळू आवाजात म्हणाला, 'बसा ताई, पुडं बसा.' एका माणसानं उठून जागा दिली. एका बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, बघा, लोकांना कला कळते.

गावात उतरले. स्टँडवरच्या चहावाल्यानं मोबाइलवर लावलेलं गाणं पटकन बंद केलं. पारावरचे दोघे उठले, टोप्या काढून हातात घेतल्या आणि माझ्या मागं चालू लागले. मामाला लोक किती मान देतात, मी मनात म्हटलं. पुढच्या वळणावर आणखी चार. मागून एका आजोबांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, 'कवा झालं गं?'

'परवा संध्याकाळी,' मी म्हटलं.

'लय तरास झाला?'

'लय. पंधरा दिवस नुसती मान मोडली.'

'आरारारा,' आजोबा म्हणाले. मागं कुणीतरी हुंदका दिला. मी थोडी चकित झाले, पण आनंदातच होते. मामाच्या अंगणाशी पोचले तेव्हा माझ्या मागं पंधरा-वीस माणसं, सगळी बोडकी, सगळी खाली मान घालून.

आणि मामा अंगणात बसून मेंढीच्या खुरातला काटा काढत होता.

त्यानं वर बघितलं. एवढी माणसं बघून घाबरला. 'काय रं? कोन गेलं?'

घोगऱ्या आवाजाचे आजोबा पुढं आले, मामाच्या दंडाला चिमटा काढून बघितला आणि माझ्याकडं वळून ओरडले, 'अगं भवाने, ह्यो जित्ता हाय की!'

मग जो हशा उठला तो विचारू नका. आजोबा खाली बसून हसत होते, चहावाला दुकान सोडून मागं आला होता तो पोट धरून. मामीचं मात्र हसणं नाही. ती फ्रेमकडं बघून मागं सरकत होती. 'बेडा, बेडा! असला फोटू घरात नगो, बाहेर ने आदी!' बेडा म्हणजे नको. काळ्या-पांढऱ्यातला नवरा बघून तिचं कुंकूच हललं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्या हातानं महिन्याला वीस माणसांचे रंग काढते, त्याच हातानं मी माझ्या मामाचा रंग काढला होता. हार तेवढा घालायचा राहिला होता.

मामा आधी सगळ्यांत मोठ्यानं हसला. मग माणसं पांगली आणि त्यानं फ्रेम खाटेवर ठेवून नीट बघितली. बराच वेळ. मेंढरांवरून बोट फिरवलं, एकेकीला ओळखलं. मग आपल्या तोंडाशी थांबला.

'चित्तर ब्येस काडलंस,' तो म्हणाला. 'पर ह्यो मेलेला मानूस हाय, पोरी. कपाळ बग, मोकळं ठिवलंयस. मी कवा मोकळ्या कपाळानं गायलोय?'

हे खरं होतं. सकाळी देवाचा भंडारा कपाळी लावल्याशिवाय मामा चहासुद्धा पीत नाही. मी टाकानं भंडारा काढायचा तरी कसा? काळा ठिपका दिला तर बुक्का दिसेल. मॅडमना फोन लावला. त्या बिचाऱ्या हळव्या झाल्या, पण म्हणाल्या, 'अहो, मालिकेतली सगळी कव्हरं एका रंगातली आहेत. एकालाच रंग देऊ शकत नाही. आणि चार दिवसांत छापायला द्यायचंय.'

मी मामाला समजवायला लागले. 'मामा, तुमचं घोंगडं काळं-पांढरं, तुमची मेंढरं काळी-पांढरी. मग तुमचं तोंडच काय म्हणून नको?'

'घोंगड्यावर भंडारा असतोय,' मामा म्हणाला. 'मेंढरांच्या कपाळाला बी लावतोय मी. तू वाड्यात येऊन बगितलंस, पर बगितलं न्हाईस.' मग फ्रेम माझ्या हातात देऊन शांतपणे म्हणाला, 'ऱ्हाऊ दे. त्यो मिशीवालाच असू दे. निदान जित्ता तरी दिसतोय.'

माझा पारा चढला. तीस वर्षं कुढत बसलात आणि आता दारात आलेलं परत पाठवताय, बसा त्या मोराखाली, असं काय काय बोलले. मामासमोर कधी आवाज चढवला नव्हता. तो उठला, काटा काढलेल्या मेंढीला सोडून आला आणि हात धुवायला गेला. तोंडावर पाणी मारून घेत होता, मारूनच घेत होता. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. जेवण गोड लागलं नाही कुणालाच.

सकाळी मी ओसरीवर चहा घेऊन बसले होते, सांगलीची पहिली गाडी धरायची म्हणून. मामाची फेरी चालू होती. रोजची आहे ती. आंघोळ झाली की भंडाऱ्याची वाटी घेऊन निघायचं. देव झाले, तुळई झाली, ढोल झाला, मोटारसायकल झाली, मामी झाली, नातवंडं झाली. फ्रेम दाराशी भिंतीला टेकून ठेवली होती, मी न्यायची म्हणून. मामा तिच्यासमोर थांबला. अंगठा भंडाऱ्यात बुडवलेला. पुढं केला, मागं घेतला. मग खाली उकिडवा बसला आणि काचेवर, चित्रातल्या मामाच्या कपाळावर अंगठा टेकवला.

मागं सरकून बघितलं. मान एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला.

'बयेऽ,' त्यानं मला हाक मारली. 'हिकडं ये गं. आता बग.'

मी बघितलं आणि चहाची कपबशी तशीच हातात राहिली. सगळ्या काळ्या रेघांमधे तो एकच पिवळा ठसा, आणि चित्रातला मामा आता गात होता. मामी मागून आली, बघितलं आणि म्हणाली, 'हांऽ, आता आमचं मानूस.'

'किती कव्हरं हाईत?' मामानं विचारलं.

'तीनशे.'

'समदी घिऊन ये. लावतो.'

मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या हसत सुटल्या. 'छापायचा रंग एकच ना? मग माझी अट मोडत नाही! छापून झाल्यावर गायकानं काय करावं हे मी कोण सांगणार?' माझा जीव भांड्यात पडला.

मग आम्ही सगळी कामाला लागलो. कागदावर सुका भंडारा टिकेना, झटकला की उडायचा. तुपात कालवला तर कपाळाभोवती तेलकट डाग, मामा घामेजलेला दिसायला लागला. शेवटी मामीनं बांधावरच्या बाभळीचा डिंक आणला, पाण्यात विरघळवला आणि त्यात हळद कालवली. तो ठसा वाळला की नखानं खरवडला तरी निघत नव्हता. हळद मी सांगलीच्या पेठेतून आणली. व्यापाऱ्यानं विचारलं, 'लोणच्याला की लग्नाला?' मी म्हटलं, 'कव्हराला.'

छापलेली कव्हरं घेऊन मॅडम स्वतः साताऱ्याहून आल्या, बरोबर दोन मोठे पेढ्यांचे डबे. अंगणात घोंगडी अंथरली. मी कव्हर पुढं सरकवायचं, मामानं अंगठा टेकवायचा, मामीनं उचलून खाटेवर वाळत घालायचं, मॅडमनी हलक्या हातानं गठ्ठा रचायचा. दोन दिवस चाललं हे. मामाचा हात कोपरापर्यंत पिवळा. काही ठसे वाकडे, एक नाकावर, एक थेट मेंढीच्या कपाळाला. 'ते मुद्दाम हाय,' मामा म्हणाला. मॅडम एकेक कव्हर उजेडात धरून बघायच्या आणि म्हणायच्या, 'एकही दुसऱ्यासारखं नाही हो!' त्यांच्या पांढऱ्या साडीवर तीन ठिकाणी हळद लागली होती आणि त्या ती पुसत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी अर्धी कव्हरं झाल्यावर मामा अंगठा वाटीतच ठेवून थांबला. म्हणाला, 'त्या सांगलीवाल्यानं अंगठा घेतला तवा कागदावर काय लिवलंय ते मला ठावं नव्हतं. लाजंनं इचारलं बी न्हाई. लय दिस हात पुसत होतो, निळं जाईना.' मग पुढचं कव्हर स्वतःच ओढून घेतलं. 'ह्यात काय हाय ते मला ठावं हाय.' आणि टेकवला. मॅडमनी चष्मा काढून पुसला. मी कव्हरं सरळ करत बसले, सरळच होती तरी.

तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. ड्रायव्हर सीमेपलीकडचा, माझ्याच वयाचा, मामाला तो नुसता पाणी घेणारा म्हातारा म्हणून ओळखायचा. पाइप सोडून तो खाटेशी आला, वाळत घातलेल्या कव्हरांपैकी एक उचललं. चित्राकडं बघितलं. हळदीत बसलेल्या मामाकडं बघितलं. परत चित्राकडं.

'आप्पा, ह्ये तर तुमीच की!'

मामा ऐकू न आल्यासारखं करून म्हणाला, 'काय म्हनलास?'

'तुमीच म्हनलं की ह्ये!'

'मोठ्यानं म्हन, मला कमी ऐकू येतंय.' मामाला मुंगीच्या पायाचा आवाज ऐकू येतो. पण ड्रायव्हरनं तीन वेळा म्हटलं आणि मामानं तिन्ही वेळा ऐकून घेतलं. कोणत्या ओव्या म्हणून विचारल्यावर मामानं बसल्या जागी एक लांब हाक दिली. ड्रायव्हरच्या हातातलं कव्हर खाली आलं. 'आवं, ह्यी तर आमच्या आबाच्या ट्रकात वाजायची! लहानपनी पाट होती मला.' मग त्याच्या कपाळाला आठी पडली. 'पर त्या कॅसेटवर तर दुसराच गडी हुता. मिशीवाला. त्यो कोन हो मग?'

पाइपातून पाणी हौदात पडत होतं. मामीनं माझ्याकडं बघितलं, मी मामाकडं. मामा उठला, धोतराला हळद पुसली आणि आत गेला. पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आला तेव्हा हातात ती जुनी कॅसेट होती, कव्हर उन्हानं फिकं पडलेलं, धबधबा जवळजवळ गेलेला, मोराची नुसती पिसं राहिलेली. मिशीवाला मात्र होता, हात वर करून, हसत.

मामा परत घोंगडीवर बसला. कॅसेट मांडीवर घेतली, बाहीनं पुसली. मला वाटलं, आता हा ती फेकणार, किंवा त्या माणसाला चार शिव्या हासडणार, आणि हासडल्या असत्या तरी कुणी काही म्हणालं नसतं. त्यानं अंगठा भंडाऱ्यात बुडवला, वाटीच्या कडेला जास्तीचा निथळू दिला आणि त्या मिशीवाल्याच्या कपाळावर हलकेच टेकवला. इतरांना लावला होता तसाच.

'तीस वर्सं माज्या जागी हुबा हाईस,' मामा त्याला म्हणाला. 'दमला असशील गड्या. हात खाली घे आता.'